तेलचाचीचा सव्वा महिना

तेलचाचीला माणसांची तोंडं लक्षात राहत नसत, पोटं राहत. लोहाऱ्याच्या बाजारात एखादा चांगला मिशीवाला गडी समोर येऊन "काय चाची, बरं हाय का?" म्हणाला, तरी ती डोळे बारीक करून नुसती बघत राही. मग शेजारचं कुणीतरी सांगे, अहो, हा अमक्याचा थोरला. लगेच चाचीचा चेहरा खुले. "आरं, त्यो व्हय! बेंबी फुगल्याली व्हती ह्येची, लिंबाएवढी! म्या नाणं बांधून बसवली न्हवं का!" हे सगळं भाजीच्या पाट्यांमध्ये उभं राहून, आसपासच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. तहसील कचेरीतले एक भाऊसाहेब तर तिला लांबून पाहिलं की बोळात शिरत. त्यांच्याबद्दल ती काय सांगायची ते मी इथं लिहीत नाही, कारण ते अजून नोकरीत आहेत.

तिचं खरं नाव गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मला ते कळलं ती गेल्यावर, आणि तेव्हा ते तिचं वाटलंच नाही. मशिदीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत ती एकटी राहायची. नवरा कधीच गेलेला, एकुलती एक मुलगी नळदुर्गला दिलेली. गावातल्या बाळांना तेल लावून न्हाऊ घालणं हे तिचं काम. हिंदूंच्या घरी, मुसलमानांच्या घरी, कुणाच्याही. हातांना, ओढणीला, तिनं दिलेल्या खारकेलासुद्धा तिळाच्या तेलाचा वास यायचा. रमजानमध्ये रोजा धरून भर उन्हात चार घरची बाळं न्हाऊ घालायची आणि वर बाळंतिणींना दटावायची, "पाणी पी गं माय, पाणी! मला न्हाय मिळत म्हनून तू बी ऱ्हातीस व्हय?"

तिचा एक नियम होता. सव्वा महिना ती बाळाची मालकीण. त्या दिवसांत बाळाच्या बापालाही विचारल्याशिवाय हात लावू द्यायची नाही. सव्वा महिना झाला, की शेवटची अंघोळ घालून, काजळ लावून, बाळ आईच्या ओटीत ठेवायची. "आता ह्ये तुमचं. माझं काम सरलं." त्यानंतर त्याच बाळाला ती रस्त्यात भेटली तर गालाला हात लावी, पण त्याचं दुपटं कधी उचलत नसे. दुसऱ्याच्या लेकराला उघडून बघणं तिला बेअदबी वाटायची. मला तेव्हा हे फार सभ्यपणाचं वाटलं होतं.

दुसरं काम पोटाचं. गावात कुणाचंही पोट दुखलं की पहिलं निदान ठरलेलं असायचं: बेंबी सरकली. मग चाचीला बोलावणं. ती माणसाला उताणं निजवून बेंबीवर बोटं टेकवायची आणि डोळे मिटायची. आत कुठं ठोका लागतो ते ती शोधायची. ठोका बाजूला लागला, तर तेल लावून पोट चोळायचं, पायाचा अंगठा ओढायचा, बेंबीवर कणकेचा दिवा लावून त्यावर लोटा पालथा घालायचा. कुणी शंका काढली तर एकच उत्तर, "माझ्या हाताला कळतंय." दहावीच्या परीक्षेच्या वेळी माझं पोट दुखलं होतं तेव्हा तिनं असाच लोटा लावला आणि दुपारपर्यंत दुखणं गेलं. आता मी शाळेत विज्ञान शिकवते. ते दुखणं चाचीच्या लोट्यानं गेलं की गणिताचा पेपर संपल्यानं, हे मला अजूनही खात्रीनं सांगता येणार नाही. मुलांनी विचारलं तर मी विषय बदलते.

माझा धाकटा भाऊ महेश हाही चाचीच्याच हातचा. स्टँडजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. स्वभावानं इतका लाजरा, की दुकानात बाई आली की मोबाइलशीच बोलतो. त्याची सोयरीक नुकतीच ठरली होती. मुलगी कोमल, आणि तिचा थोरला भाऊ दत्ता आमच्याच रस्त्यावर लोहारा-उमरगा जीप चालवणारा. साखरपुडा झाला होता, आई मांडववाल्याशी भांडण्यात रंगली होती. अशात एका सकाळी महेश शेतातून आला तो पोट धरूनच. उजव्या बाजूला, बेंबीच्या खाली. पांढराफटक पडला होता. पायरीवरच उलटी केली.

आईनं अर्थातच चाचीला बोलावलं. चाचीनं त्याला निजवलं, बोटं टेकवली, डोळे मिटले. ठोका जागेवर होता. तिनं बोटं खाली सरकवली, जांघेच्या वर जराशी दाबली, आणि महेश असा ओरडला की शेजारचे धावत आले. चाचीनं हात उचलला. मी तिला इतक्या झटक्यात हात उचलताना कधी पाहिलं नव्हतं. तिनं सगळ्यांना बाहेर काढलं, आईला तेवढं उंबऱ्याशी ओढलं आणि विचारलं, "वैनी, ह्येचं उतरलं व्हतं का?"

आई आधी गोंधळली. मग तिच्या तोंडावरचा रंगच गेला. मी उंबऱ्याबाहेरच होते, ऐकू आलं पण मला काही समजलं नाही. समजायला पुढचा सगळा दिवस जावा लागला, म्हणून तुम्हाला आत्ताच सांगते. महेश जन्मला तेव्हा त्याला उजवीकडची गोटी नव्हती. पुस्तकात त्याला वृषण म्हणतात, आमच्याकडे गोटी. पिशवीत एकच होती, दुसरी वर पोटातच राहिलेली. न्हाऊ घालताना चाचीला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिनं आईला सांगितलंही होतं, आणि पुढं म्हणाली होती, "उतरंल. घाबरू नगासा. माझ्या हातची लई उतरल्यात." आईनं ते आप्पांना सांगितलं नाही, कारण हे नवऱ्याला सांगायचं असतं हेच तिला सुचलं नाही. काही महिने तिनं लक्ष ठेवलं. मग पोरगा रांगायला लागला, चालायला लागला, आपापली अंघोळ करायला लागला. आईनं गृहीतच धरलं की उतरलं असेल. मोठ्या मुलाला असलं विचारणार कोण? आणि महेशला वाटायचं की आपण असेच आहोत. तो कुणाला सांगणार?

"आप्पा, गाडी काढा," चाची बाहेर येऊन म्हणाली. "बेंबी न्हाय ही."

"मग काय हाय?"

"दवाखान्यात कळंल. बिगी बिगी."

गाडी मिळाली ती दत्ताची. होणारा मेव्हणा आजारी म्हटल्यावर त्यानं भाड्यानं बसलेली माणसं खाली उतरवली आणि जीप दारात आणली. आईला आनंद व्हावा की धास्ती वाटावी, तिचं तिलाच कळेना. जीपमध्ये ती चाचीच्या कानाशी लागून म्हणाली, "दत्ताच्या म्होरं त्येच्यातलं काय बी काढू नका. सोयरीक मोडंल." चाचीनं मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. महेश माझ्या मांडीवर डोकं ठेवून पाय पोटाशी घेऊन पडला होता, आणि खड्डा आला की माझा हात चावायचा.

उमरग्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. तरुण, पण कामाला पक्क्या. बाहेर बाकावर आमच्या ओळखीचे निम्मे लोक डॉक्टर झाले होते. कुणी म्हणे अपेंडिक्स, कुणी म्हणे मुतखडा, दत्ता म्हणे काल ढाब्यावर काहीतरी खाल्लं असेल. बाईंनी पोट तपासलं आणि म्हणाल्या, "पायजमा सोडा. खाली तपासायचंय." महेशनं नाडी दोन्ही मुठीत धरली. "पोट दुखतंय मॅडम. तिथं काय बी न्हाय."

"पोटदुखी घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाचं मी खाली तपासते. खालचं दुखणं पुष्कळदा पोटातच जाणवतं. उशीर करू नका."

महेश ऐकेना. नर्स सांगून थकली. आप्पा दाराशी उभे, त्यांना आत जावं की नाही ते उमगेना. आई पदर तोंडाशी धरून दत्ताकडे बघत होती. दत्ता औषधांची पिशवी घेऊन अगदी दारातच होता. महेशच्या घशातून असा आवाज येत होता की मला कान झाकून घ्यावेसे वाटले.

तेव्हा चाची आत गेली. दार लोटलं नाही, आवाजही खाली आणला नाही. तिला खालच्या आवाजात बोलता यायचंच नाही म्हणा, किंवा तिला तो त्या वेळी आणायचाच नव्हता, मी दोन्ही बाजूंनी विचार करून थकले आहे. "डॉक्टरीणबाई," ती म्हणाली, "ह्येला उजवीकडं गोटी न्हाय. जलमापासनं न्हाय. म्या न्हाऊ घातलंय ह्येला, म्या बघितलंय. उतरंल म्हनून म्याच सांगितलं व्हतं. उतरली न्हाय." मग महेशकडे वळून, "सोड नाडी. तुला म्या उघडाच बघितलाय. लाजतोस कुनाला?"

महेशनं नाडी सोडली. दाराशी पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं तर दत्ता तिथं नव्हता.

पुढचं भराभर झालं. सोनोग्राफीत जांघेच्या वर सुजलेली गाठ दिसली. पोटातून खाली येताना वाटेत अडकलेली तीच गोटी, देठाशी पीळ बसलेली. पिळामुळे रक्त पोचेना, म्हणून ते मरणाचं दुखणं. लगेच ऑपरेशन झालं. गोटी काळी पडलेली होती, काढून टाकावी लागली. दुसरीला असा पीळ बसू नये म्हणून बाईंनी ती जागेवर टाके घालून पक्की केली. संध्याकाळी त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "जिवाला धोका नाही. एक चांगली आहे, लग्न, मूलबाळ, सगळं व्यवस्थित होऊ शकतं." आप्पांनी बाईंना हात जोडले. आई रडायला लागली, आणि रडता रडता चाचीकडे अशी बघत होती की मी मध्ये जाऊन उभी राहिले.

चाचीला मात्र वेगळंच काही विचारायचं होतं. "बाई, माझ्या हातची लई उतरल्यात. मंग ह्येचीच कशी न्हाय?"

"उतरतात ना," बाई म्हणाल्या. "पण बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच. तोवर नाही आली तर पुढं आपोआप येणं अवघड. वर्षाच्या आत सर्जनला दाखवून खाली आणून घ्यायची असते. तुम्ही पाहिलेल्या खाली आल्या, त्या केव्हा आल्या?"

चाची बोटांवर मोजायला लागली. मग म्हणाली, "काय म्हैत. सव्वा महिन्यात दोन-चार आल्या. बाकीच्या... म्या त्येच्यानंतर बघतच न्हाय की." बाई दुसऱ्या रुग्णाकडे गेल्या. चाची तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली. शेवटी मीच हात धरून तिला घरी नेलं.

गावात आम्ही अपेंडिक्स म्हणून सांगितलं. चीर तशीच होती, कुणाला शंका आली नाही. पण दत्ताला ठाऊक होतं. आमच्या घरी दोन आठवडे त्याच्या घराकडून फोन आला नाही. आईनं चाचीचं नाव टाकलं. "उतरंल म्हनाल्या, ते बी त्याच, आन् चारचौघांत वरडल्या त्या बी त्याच," ती म्हणायची. खोटं नव्हतं. पण दवाखान्यात त्या वेळी आणखी उशीर झाला असता तर काय झालं असतं, हेही मला दिसत होतं. मी आईला काही म्हणाले नाही, चाचीकडेही गेले नाही. कुणाची बाजू घ्यायची तेच उमजेना.

मग कळलं की चाची एकटीच एसटीनं कोमलच्या गावी जाऊन आली. हे मला पुढं कोमलनंच सांगितलं. ओळख ना पाळख, ओसरीवर बसली आणि म्हणाली, "चूक माझी हाय, पोराची न्हाय. त्येला बोल लावू नगासा." कोमलच्या आईनं स्पष्टच विचारलं, लेकरं होतील का? चाची म्हणाली, "म्या म्हनलं तर इस्वास ठिवू नगासा. पर ती डॉक्टरीण शिकल्याली हाय. ती व्हतील म्हनती. जाऊन इचारा." ते लोक खरंच गेले, विचारून आले. दत्ता पुढं मला म्हणाला, "ताई, माझ्या म्होरं सांगितलं म्हनून बरं झालं. झाकून ठिवलं असतं आन् मागनं कळलं असतं, तर म्याच सोयरीक मोडली असती." हे मी आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आणि तवा इतक्या जोरात घासायला घेतला की बोलणंच खुंटलं.

लग्नात चाचीला आमंत्रण नव्हतं. तरी ती आली, मांडवाच्या कडेला उभी राहिली. आईनं पाहिलं. थोड्या वेळानं स्वतःच्या हातानं ताट वाढून नेऊन दिलं. चाचीनं घेतलं. दोघी शेजारीशेजारी बसल्या होत्या, आणि दोघींची तोंडं दोन दिशांना.

त्यानंतरची चाची मला सगळ्यात जास्त आठवते. तिच्या डोक्यात एकच भुंगा शिरला होता: बाकीची कुठं आहेत? ज्या ज्या आयांना तिनं "उतरंल" म्हणून सांगितलं होतं, त्यांची लेकरं. आणि इथं तिचा घोटाळा झाला. पोट आठवे, बाजू आठवे, घर आठवेना. "दारात शेवगा व्हता बग," ती म्हणायची. मी तिला घेऊन गावभर फिरले. शेवगे तोडून लोकांनी स्लॅब टाकले होते. सापडलेल्या दारात ती म्हाताऱ्या आयांना आडून आडून विचारायची, आणि तिचा आडून विचारण्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. कुणी हसलं. कुणी सांगितलं की त्या पोराला आता तीन लेकरं आहेत. एका घरी सुनेनं तोंडावर दार लावलं. चाचीला म्हातारचळ लागला असं लोक उघड बोलायला लागले. मी शाळेत मास्तरीण, मला लाज वाटायची आणि तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिच्याबरोबर जायची. का जायची, हे तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

एका वस्तीवर एक सापडलं. दोन वर्षांचं. त्याच्या आईनं आधी शिव्या दिल्या, मग मुलाला पाहिलं, मग विचारलं, कुठल्या दवाखान्यात न्यायचं? त्याचं ऑपरेशन वेळेत झालं, गोटी खाली आली. मी पेढे घेऊन चाचीकडे गेले. तिनं पेढा हातात धरून ठेवला. "ह्ये एक," ती म्हणाली. "बाकीची?"

बेंबीचं काम तिनं बंद केलं. लोक पोट धरून यायचेच. ती हात लावायची नाही. "दवाखान्यात जावा. मला कळंना झालंय." लोक रागवायचे. बाळं मात्र ती शेवटपर्यंत न्हाऊ घालत राहिली. सव्वा महिना झाला तरी सोडायची नाही, सहा महिन्यांनी पुन्हा दारात हजर. "दुपटं काढा, बघू द्या." तिच्या इतक्या वर्षांच्या बेअदबीच्या कल्पनेचं काय झालं होतं, कुणास ठाऊक. नव्या सुना तिला टाळायच्या, जुन्या हसून बाळ पुढं करायच्या.

थंडीत ती नळदुर्गला मुलीकडे गेली आणि तिथंच वारली. साधा ताप. कोमलला तेव्हा सातवा महिना होता. आई त्या दिवशी न जेवता झोपली आणि सकाळी म्हणाली, "लई बोलले मी त्यांना." मग जरा थांबून, "पर त्यांनी बी सांगायला पायजे हुतं की वर्साच्या आत दाखवा म्हनून." मग पुन्हा, "त्यांना तरी कुनी सांगितलं हुतं?" आईचं हे भांडण अजून मिटलेलं नाही. ती एकटीच दोन्ही बाजूंनी बोलत असते.

कोमल बाळंत झाली ती उमरग्याच्याच दवाखान्यात. आम्ही सगळे बाहेर होतो, दत्तासुद्धा. महेश सकाळपासून एका जागी बसला नव्हता. त्याच्या मनात काय चाललं होतं ते आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होतं. नर्स गुंडाळलेलं बाळ घेऊन बाहेर आली. तिनं तोंड उघडायच्या आत माझा लाजरा भाऊ पुढं झाला आणि सासरच्या सगळ्यांसमोर त्यानं दुपट्याची कड धरली.

"अहो, थांबा की," नर्स म्हणाली. "मुलगी आहे."

महेशनं कड सोडली. मग तो तिथंच फरशीवर बसला आणि हसायला लागला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. दत्तानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. नर्सला वाटलं, मुलगी झाली म्हणून रडतोय, ती चिडून काही बोलणार होती. आईनं तिला अडवलं. बाळ स्वतःच्या हातांत घेतलं, छातीशी धरलं आणि मोठ्यानं म्हणाली, "चाची, सुटलात बगा तुम्ही."

ते ऐकून मी जिन्याकडे निघून गेले. मला कुणासमोर रडायचं नव्हतं.